कोरियन भाषेत भेट ठरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन नुकतंच शिकायला घेतलेल्या मराठी मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणी सोलला शिकायला निघालेलं असतं, कोणाचे रांजणगावच्या किंवा तळेगावच्या कारखान्यात कोरियन सहकारी असतात, तर कोणाला मालिकांमधून गोडी लागलेली असते. वरून खाली वाचलंत तर सोप्याकडून अवघडाकडे जाल. एखादाच प्रश्न वाचायचा असेल तरी हरकत नाही.

१. मला कोरियन लिपी येत नाही. तरी भेट ठरवण्यापुरतं बोलता येईल का?

येईल. "वेळ आहे का", "भेटूया का", "किती वाजता", "कुठे" एवढे चार प्रश्न आणि "चालेल", "जमणार नाही" ही दोन उत्तरं आली की बहुतेक भेटी ठरतात. पण बोलणं चॅटवर गेलं की लिपीवाचून अडतं, आणि भेट शेवटी चॅटवरच पक्की होते. राजा सेजोंगच्या पुढाकाराने घडलेली आणि १४४६ मध्ये जाहीर झालेली ही लिपी सामान्य माणसाला चटकन यावी म्हणूनच बनवली होती. वाक्यं शिकता शिकता तीही शिकून घ्या.

२. इथे देवनागरीत दिलेले उच्चार कसे वाचायचे?

ख, थ, फ, छ हे आपल्यासारखेच, हवा सोडून. मराठी माणसाला हे फुकटात मिळतं. शब्दाच्या सुरुवातीचा ग, द, ब, ज मात्र कोरियन माणसाच्या तोंडून क, त, प, च कडे झुकलेला ऐकू येतो, त्यामुळे "गाछी" कानाला "काछी" वाटलं तर ते बरोबरच आहे. क्क, त्त, प्प असं जोडाक्षर दिसलं की घसा आवळून, हवा न सोडता म्हणा. "ऑ" हा "ऑफिस"मधल्यासारखा. "उ" दोन प्रकारचा असतो, एक ओठ गोल करून आणि एक ओठ ताणून. देवनागरीत हा फरक दाखवता येत नाही, तो ऐकूनच पकडावा लागतो.

३. "भेटूया का?" कसं म्हणायचं?

"मान्नाल्क्कायो?" हे सगळ्यात उपयोगी वाक्य. क्रियापदाला "-ल्क्कायो" लावलं की आपल्या "-ऊया का?"चं काम होतं. गाल्क्कायो म्हणजे जाऊया का, बोल्क्कायो म्हणजे बघूया का. क्रियापदाचा धातू व्यंजनाने संपत असेल तर मध्ये "उ" येतो: मॉक् (खाणे) पासून मॉगुल्क्कायो. सोबत "गाछी" (एकत्र) जोडलं की वाक्य आणखी मोकळं वाटतं: "गाछी जॉम्शिम मॉगुल्क्कायो?" म्हणजे "दुपारचं बरोबर जेवूया का?"

वाक्याचा क्रम आपलाच आहे, क्रियापद शेवटी. "शनिवारी होंगदेला भेटूया का?" हे जसंच्या तसं "थोयोइरे होंग्देएसॉ मान्नाल्क्कायो?" होतं (होंगदे हा सोलमधला एक भाग). इंग्रजीतून कोरियन शिकणाऱ्याला इथे वाक्य उलटं करावं लागतं. तुम्ही मराठीतून विचार करा, इंग्रजीला मध्ये आणू नका.

दोन ठिकाणी सावध राहा. चालणे या अर्थाचा "गॉत्-" बदलून "गॉरुल्क्कायो" होतो, आणि "नोल्-" (मजा करणे, सोबत वेळ घालवणे) याचं नुसतं "नोल्क्कायो" होतं. शिवाय कर्ता "आपण" नसेल तर हेच रूप अंदाज विचारतं. "बिगा ओल्क्कायो?" म्हणजे "पाऊस येईल का?", पावसाला दिलेलं आमंत्रण नव्हे.

४. "-ल्क्कायो" आणि "-ल्लेयो" यांत फरक काय?

"मॉगुल्क्कायो?" म्हणजे "खाऊया का?". त्यात तुम्हीही आहात आणि समोरच्याचं मत विचारताय. "मॉगुल्लेयो?" म्हणजे "खाणार का?". इथे भर समोरच्याच्या इच्छेवर आहे. दुसरं जरा जवळिकीचं. वर्गातल्या मैत्रिणीला चालतं, पहिल्यांदाच भेटलेल्या साहेबांना नको. शंका असेल तर पहिलं वापरा. त्याने सहसा बिघडत नाही.

५. थेट "भेटूया का" विचारू, की आधी वेळ आहे का ते विचारू?

आधी वेळ विचारा. "इबॉन जुमारे शिगान इस्सॉयो?" म्हणजे "या शनिवार-रविवारी वेळ आहे का?" किंवा नुसतं "जुमारे म्वो हेयो?", म्हणजे "सुट्टीत काय करताय?". समोरच्याला अवघड न वाटता निसटता यावं यासाठी ही पायरी असते. ती गाळली तर नकार देताना त्याचीच पंचाईत होते.

मात्र रस्त्यावर अनोळखी माणसाला नुसतं "शिगान इस्सॉयो?" विचारू नका. ते ओळख वाढवण्याचा प्रयत्न वाटतं, नाहीतर सोलमध्ये वाटेत गाठून पंथाची माहिती देणारे लोक असतात त्यांपैकी तुम्ही एक वाटता. घड्याळातली वेळ हवी असेल तर "जिगुम म्यॉत् श्शियेयो?" असं विचारायचं.

६. वारांची नावं लक्षात राहत नाहीत. काही युक्ती?

मराठी माणसासाठी आहे. सोमवार ते रविवार: वॉर्योइल, ह्वायोइल, सुयोइल, मोग्योइल, गुम्योइल, थोयोइल, इर्योइल. ही नावं चंद्र, अग्नी, पाणी, लाकूड, सोनं किंवा धातू, माती आणि सूर्य यांवरून आली आहेत. कोरियनमध्ये मंगळाला अग्नीचा तारा म्हणतात, बुधाला पाण्याचा, गुरूला लाकडाचा, शुक्राला धातूचा आणि शनीला मातीचा. म्हणजे आपल्या वारांमागचे ग्रह आणि त्यांच्या वारांमागचे ग्रह तेच, त्याच क्रमाने. मंगळ तापट म्हणून आग, एवढं धरलंत तरी एक वार पाठ झाला.

७. उद्या, परवा यांना "ए" का लावत नाहीत?

वाराला आणि वेळेला "-ए" लागतो: थोयोइल, थोयोइरे (शनिवार, शनिवारी). पण ओनुल (आज), नेइल (उद्या) आणि मोरे (परवा) यांना काहीच लागत नाही. आपण तरी "उद्याला" कुठे म्हणतो? "नेइल मान्नायो" एवढंच पुरे. आपला "परवा" मागचाही असतो आणि पुढचाही. कोरियन "मोरे" फक्त पुढचा, मागचा "गुजॉक्के". तेरवा म्हणायचं असेल तर "गुल्फी". सुरुवातीचा ग क कडे झुकतो हे आठवलं (प्रश्न २) की हा शब्द जन्मात विसरणार नाही.

८. किती वाजता भेटायचं हे सांगताना दोन प्रकारचे आकडे का येतात?

कोरियनमध्ये आकड्यांचे दोन संच आहेत, एक अस्सल देशी आणि एक चिनी मुळाचा. तास देशी आकड्यांत आणि मिनिटं चिनी मुळाच्या आकड्यांत. याला कारण विचारू नका, पाठ करा.

तास एक ते बारा: हान शि, दू शि, से शि, ने शि, दासॉत् शि, यॉसॉत् शि, इल्गोप् शि, यॉदॉल् शि, आहोप् शि, यॉल् शि, यॉल्हान शि, यॉल्दू शि. मिनिटांत दहा म्हणजे शिप्, वीस म्हणजे इशिप्, तीस म्हणजे सामशिप्, आणि पुढे "बुन". पण साडेसाठी "सामशिप् बुन"पेक्षा "बान" (अर्धा) सोपा आणि रोजचा: "से शि बान" म्हणजे साडेतीन. सव्वा आणि पावणे यांना आपल्यासारखा सुटसुटीत शब्द नाही, मिनिटंच सांगावी लागतात.

सकाळ-संध्याकाळ आधी येते: ओजॉन (दुपारी बारापूर्वी), ओहू (दुपारी बारानंतर). प्रश्न असा: "म्यॉत् श्शिए मान्नाल्क्कायो?" उत्तर: "ओहू से शि ऑत्तेयो?" म्हणजे "दुपारी तीन कसं वाटतं?". हे "ऑत्तेयो?" दिवस, जागा, हॉटेल, कशापुढेही लावता येतं.

९. "येत्या शनिवारी" म्हटलं आणि गोंधळ झाला. तारीख कशी सांगायची?

"इबॉन ज्जू थोयोइल" म्हणजे या आठवड्यातला शनिवार, "दाउम ज्जू थोयोइल" म्हणजे पुढच्या आठवड्यातला. मराठीत "येता" आणि "पुढचा" यांवरून घराघरांत वाद होतात, म्हणून तारीखही सांगून टाका. तारीख आणि महिना, दोन्हींसाठी चिनी मुळाचेच आकडे. महिना म्हणजे आकडा आणि "वॉल". अपवाद दोनच आहेत आणि ते हमखास चुकतात: सहा "युक्" असला तरी जून "युवॉल", आणि दहा "शिप्" असला तरी ऑक्टोबर "शिवॉल".

१०. भेटायची जागा कशी ठरवतात?

सोलमध्ये जागा म्हणजे बहुतेकदा मेट्रो स्थानकाच्या दरवाज्याचा क्रमांक. नुसतं "गांगनाम स्थानकाशी भेटू" म्हणून चालत नाही. तिथे १२ दरवाजे आहेत आणि चुकीच्या दरवाज्याने वर आलात तर आठ-दहा पदरी रस्त्याच्या पलीकडे उभे राहाल. वाक्य असं: "होंग्देइप्क्कूयॉक् गु बॉन छुल्गु आफेसॉ मान्नायो", म्हणजे "होंगदे स्थानकाच्या ९ नंबरच्या दरवाज्यासमोर भेटू". "बॉन" म्हणजे क्रमांक, "छुल्गु" बाहेर पडायचा दरवाजा, "आफेसॉ" समोर. दरवाज्याचे आकडे चिनी मुळाचे.

तरुण मंडळींचा आवडता होंगदेचा ९ नंबर संध्याकाळी इतका गच्च असतो की समोर उभा असलेला मित्र सापडत नाही. मी तरी ८ नंबर सुचवेन, नाहीतर एखाद्या दुकानाचं नाव ठरवून घ्या. आणखी एक: शिन्छोन नावाची दोन वेगळी स्थानकं आहेत, एक दुसऱ्या क्रमांकाच्या मार्गावर आणि एक ग्यॉंगुई-जुंगांग मार्गावर. दोन्हींत चालत जायचं अंतर आहे. कोणतं ते विचारून घ्या.

जागेसाठी "-ए" आणि "-एसॉ" यांतही गल्लत होते. जाण्याचं ठिकाण "-ए" (होंग्देए गायो, होंगदेला जातो). जिथे काही घडतं ते "-एसॉ". भेट घडते, म्हणून भेटीच्या जागेला "-एसॉ".

११. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला कसं विचारायचं?

इथे "मान्नाल्क्कायो?" नको, कारण त्यात बरोबरीचा सूर आहे. "ऑन्जे शिगान द्वेसेयो?" (आपल्याला केव्हा वेळ होईल?) किंवा "ऑन्जेगा फ्यॉन्हासेयो?" (केव्हा सोयीचं पडेल?) असं विचारा आणि ठरवणं त्यांच्यावर सोडा. ठरलं की "गुरॉम नेइल ब्वेप्क्केस्सुम्निदा", म्हणजे "मग उद्या आपली भेट घेतो". "ब्वेप्" हे भेटण्याचं नम्र रूप आहे. थोड्या कमी औपचारिक ठिकाणी "नेइल ब्वेयो".

"तुम्ही" यासाठी शब्द शोधत बसू नका. शब्दकोशात "दांगशिन" सापडेल, पण तोंडावर तो नवराबायकोत किंवा भांडणात शोभतो. हुद्दा घेऊन हाक मारतात: बुजांगनिम (विभागप्रमुख), ग्वाजांगनिम (त्याखालचे साहेब), शिक्षक असतील तर सॉन्सेंगनिम. व्याकरणाच्या पुस्तकांत "मान्नाप्शिदा" (भेटूया) हे रूपही आदरार्थी म्हणून दिसतं, पण मोठ्यांना ते हुकूम सोडल्यासारखं लागतं. टाळा.

१२. मित्रांशी "यो" (वाक्याच्या शेवटचा आदराचा प्रत्यय) कधी सोडायचं?

समोरच्याने सुचवल्यावर. "माल नोउल्क्कायो?" म्हणजे "अरेतुरे करूया का?", आणि हे सहसा मोठा विचारतो. त्यानंतर "मान्नाल्क्कायो"चं "मान्नाल्क्का?" होतं, "मॉगुल्लेयो"चं "मॉगुल्ले?", आणि "भेटू" म्हणायला "मान्नाजा" किंवा "बोजा". कोण मोठं हे कळावं म्हणून लोक पहिल्या भेटीतच वय विचारतात. त्यात आगाऊपणा नसतो. २८ जून २०२३ पासून तिथल्या कायद्याने बहुतेक ठिकाणी आपल्यासारखंच पूर्ण वर्षांचं वय धरलं जातं, पण बोलण्यात जुनी मोजणी (जन्मताच एक वर्ष धरून दर नव्या वर्षी एक वाढवायची) अजून डोकावते. म्हणून वयाऐवजी जन्मसाल सांगितलेलं बरं.

ताई-दादा म्हणायची सवय आपल्याला आहेच. फरक एवढाच की तिथे बोलणारा मुलगा की मुलगी यावर शब्द बदलतो: मुलगी ऑन्नी आणि ओप्पा म्हणते, मुलगा नूना आणि ह्यॉंग. मुलग्यांनी मालिका बघून मित्राला "ओप्पा" म्हणू नये.

१३. नाही कसं म्हणायचं?

स्पष्ट नाही क्वचितच म्हणतात. "गुनारुन जोम…" म्हणजे "त्या दिवशी जरा…", आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचं. पुढचं समोरचा समजून घेतो. "काय झालं?" असं खोदून विचारायचं नाही. आधीच काही ठरलं असेल तर "सॉन्यागी इस्सॉयो". "जमेलसं वाटत नाही" यासाठी "आन द्वेल् क्कॉत् क्काथायो".

"आन" आणि "मोत्" यांत मात्र चूक करू नका. "आन गायो" म्हणजे "जाणार नाही", म्हणजे इच्छा नाही. "मोत् क्कायो" म्हणजे "जाता येणार नाही". आमंत्रण नाकारताना नेहमी दुसरं. आणि शेवटी "दाउमे गाछी गायो" (पुढच्या वेळी बरोबर जाऊ). खरंच यायचं असेल तर दुसरा दिवस लगेच सुचवा, नाहीतर ते प्रश्न १४ मधल्यासारखं वाटेल.

१४. "ऑन्जे बाफान्बॉन मॉगॉयो" असं एक जण म्हणाला आणि पुन्हा फोनच नाही. राग आलाय का?

नाही. "कधीतरी एकदा जेवू" हे निरोपाचं वाक्य आहे, आपल्या "या एकदा घरी"सारखं. दिवस ठरला नाही म्हणजे भेट ठरली नाही. ठरलेल्या भेटीला "याक्सोक्" म्हणतात, आणि हाच शब्द वचनासाठीही वापरतात. त्यामुळे एकदा याक्सोक् झाला की तो हलक्यात घेत नाहीत. तुम्हाला मनापासून भेटायचं असेल तर त्याच वाक्याला धरून म्हणा: "जोआयो! दाउम ज्जू ऑत्तेयो?" (चालेल! पुढचा आठवडा कसा वाटतो?). उत्तरात दिवस आला तर भेट होणार. "चॅटवर कळवतो" आलं तर विषय सोडा.

१५. उशीर होणार असेल किंवा दिवस बदलायचा असेल तर?

"जोम नुजुल् क्कॉत् क्काथायो", म्हणजे "जरा उशीर होईलसं वाटतं". आधी "मिआन्हेयो" (माफ करा), मोठ्यांना "ज्वेसोंगहाम्निदा". किती मिनिटं तेही सांगा: "शिप् बुन". "गॉई दा वास्सॉयो" म्हणजे "जवळजवळ पोचलोच". हे वाक्य घरातून निघण्याआधी वापरायची पद्धत दोन्ही देशांत आहे. दिवस बदलायला "दाउम ज्जूरो मिरुल्क्कायो?" (पुढच्या आठवड्यावर ढकलूया का?).

एक सापळा खास आपल्यासाठी. आपण फोनवर म्हणतो "हो हो, येतोय". कोरियनमध्ये तुम्ही आहात तिथून निघताय, म्हणून "येणे" नाही, "जाणे" वापरतात: "जिगुम गागो इस्सॉयो". इथे "ओगो इस्सॉयो" म्हटलंत तर ऐकणारा गोंधळेल.

१६. मी शाकाहारी आहे. जेवायला जायचं ठरवताना काय सांगू?

आमंत्रण आलं त्याच वेळी सांगा, ताट समोर आल्यावर नको. "जॉनुन गोगी आन मॉगॉयो" म्हणजे "मी मांस खात नाही". पण "गोगी" म्हटल्यावर मासे त्यात येतीलच असं नाही, म्हणून "सेंगसॉन्दो आन मॉगॉयो" (मासेही खात नाही) जोडा. तरीही भाजीच्या रश्शाखाली म्यॉल्छी नावाच्या छोट्या माशांचा अर्क असतो, आणि किमचीत बहुधा माशाचा किंवा खारवलेल्या कोळंबीचा अंश असतो. सोलच्या इन्सादोंग भागात बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण देणारी हॉटेलं आहेत. त्या स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते.

कार्यालयाच्या सामूहिक जेवणाला "ह्वेशिक्" म्हणतात. पहिली फेरी इल्छा, मग दुसरीकडे इछा. दारू नको असेल तर "सुल मोन माश्यॉयो". प्रश्न १३ मधला "मोत्"च इथे पुढच्या "म"मुळे "मोन" झाला आहे. इल्छानंतर निघालात तर सहसा कोणी वाईट वाटून घेत नाही.

१७. बिल कोण देतं?

बोलावणारा किंवा वयाने मोठा, असा जुना रिवाज. "जेगा साल्क्केयो" म्हणजे "मी देतो". मग पुढची कॉफी तुम्ही द्यायची. तरुण मुलं वाटून घेतात, त्याला "दॉछीफेइ".

१८. चॅटवर ठरवताना वेगळं काय?

सगळं काकाओटॉकवर चालतं. २०१० मध्ये आलेलं हे ॲप. तुमच्या संदेशाशेजारी पिवळा १ दिसतो, समोरच्याने वाचलं की तो जातो. १ गेला आणि उत्तर नाही, यावरून मैत्रीत रुसवेफुगवे होतात. "चालेल"साठी मित्रमंडळी "खोल!" लिहितात. ऐनवेळी ठरलेल्या भेटीला "बॉन्गे", म्हणजे वीज, म्हणतात. साहेबांना यातलं काहीही पाठवू नका.

१९. भारतातून व्हिडिओ कॉल ठरवायचाय. कोणत्या वेळा आणि दिवस टाळू?

कोरिया आपल्या साडेतीन तास पुढे आहे आणि तिथे उन्हाळ्यात घड्याळं बदलत नाहीत. आपले दुपारचे ४ म्हणजे त्यांचे संध्याकाळचे साडेसात. आपल्या रात्री नऊला त्यांची झोपायची वेळ होऊन गेलेली असते. वेळ सांगताना "हान्गुक् शिगानुरो" (कोरियाच्या वेळेने) हे शब्द जोडा.

सॉल्लाल (चांद्र नववर्ष) आणि छुसॉक् (सुगीचा सण) या सणांना, आधीच्या-नंतरच्या दिवसांसह, काही ठरवू नका. लोक गावी असतात. छुसॉक् पौर्णिमेला येतो, त्यामुळे आपलं पंचांग उघडून अंदाज बांधता येतो: भाद्रपद किंवा आश्विन पौर्णिमेच्या आसपास. २०२५ मध्ये तो ६ ऑक्टोबरला, नेमका कोजागरीलाच आला होता.

२०. "आन वायो?" ला मी "नाही" म्हणालो आणि माझी जागा धरून ठेवली. असं का?

"आन वायो?" म्हणजे "येत नाहीयेस?". आपण "नाही, येत नाही" म्हणतो. कोरियनमध्ये प्रश्नातलं विधान बरोबर की चूक ते सांगतात. येत नसाल तर "ने, मोत् क्कायो" (बरोबर, येता येत नाही). येत असाल तर "आनियो, गायो" (छे, येतोय). तुमच्या "आनियो"चा अर्थ "येतोय" असा झाला. नुसतं हो-नाही म्हणून थांबू नका, क्रियापद पूर्ण उच्चारा. आणि ते "जाणे"चंच का, हे प्रश्न १५ मध्ये आहे.